तिसऱ्या नळीतलं तेल

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही गाडीसाठी काढली आहे. परतूरच्या शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो, त्यामुळे नोंद ठेवल्याशिवाय मला काही सुचत नाही. घरच्या गोष्टी यात येऊ द्यायच्या नाहीत असं ठरवलं आहे.

गाडी पांढरी, पेट्रोलवरची, चौदा वर्षांची. निवृत्त झाल्यावर एका डॉक्टरांकडून घेतली. हल्ली सकाळी चालू केली की इंजिनाच्या वरच्या अंगाला टकटक वाजतं. म्हणून आज बदरोद्दीन मिस्त्रीकडे नेली. त्यांनी तेल ओतायचं झाकण उघडून मला दाखवलं. झाकणाच्या आतून काळा, चिकट थर. काकवी उकळून उकळून जाळून टाकावी तसा.

"कीट धरली, सर," मिस्त्री म्हणाले. "तेल कधी बदललं?"

"मी घेतल्यापासून नाही. गाडी चाललीच कुठे?"

"तेच म्हणून राह्यलो. दोन किलोमीटर बाजारात गेली, गरम व्हायच्या आत बंद केली. मंग आत पाणी धरतं, तेल सडतं, कीट जमते."

त्यांचा उपाय असा: इंजिनाच्या पुस्तकात लिहिलंय त्या ग्रेडचं चांगलं सिंथेटिक तेल घालायचं, सोबत नवा फिल्टर. मग गाडी रोज पन्नासेक किलोमीटर पळवायची. हजार किलोमीटर झाले की तेल काढून पुन्हा नवं. असं दोन-तीनदा. कीट हळूहळू निघते.

त्यातला तेलाचा भाग मला शास्त्रीय वाटला. पळवण्याचा भाग जरा अंदाजपंचे आहे. तो तेल ठरल्यावर बघू.

शालू (माझी पत्नी) दसऱ्यापासून सकाळी कहकशाकडे शिकायला जाते. कहकशा म्हणजे मिस्त्रींची मुलगी. ती बायकांना गाडी शिकवण्याचा क्लास चालवते, आणि तिच्या हातचं भरतकामही सुंदर असतं. तेव्हा भरतकामच असणार. ही घरची गोष्ट झाली, पण लिहून गेलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

मतं गोळा करतो आहे.

शेजारचे रखमाजी म्हणाले, ट्रॅक्टरचं तेल टाका, त्यात साबण जास्त असतो. दुकानदाराने एक बाटली पुढे केली. ती जुन्या तेलात ओतायची, इंजिन दहा मिनिटं जागेवर चालू ठेवायचं आणि सगळं काढून टाकायचं, कीट गायब. वाचनालयातल्या एका गृहस्थांनी रॉकेल सुचवलं. त्यांच्याकडे गाडी नाही. जाड तेल घाला म्हणजे आवाज बसेल, असंही एकाने सांगितलं. आवाज बसणं आणि कीट निघणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांना वीस मिनिटं समजावलं.

रात्रीच्या जेवणाला शालूने विषय काढला. तिच्या बचत गटाला जालन्याच्या प्रदर्शनात टेबल मिळालं आहे, ९ ते ११ जानेवारी. गट मोसंबीच्या सालीचं लोणचं करतो. दीडशे काचेच्या बरण्या न्यायच्या आहेत. एसटीत त्या टिकणार नाहीत.

"तोवर गाडी होईल ना?" तिने विचारलं.

"दोन महिने आहेत," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"मध्ये बरंच काही असतं, पण ते काय असतं हे मला तेहतीस वर्षांत नीट कळलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रयोग मांडला. शाळेने निरोप समारंभात परीक्षानळ्यांचा एक जुना स्टँड भेट दिला होता, तो कामी आला. झाकणाच्या कडेची थोडी कीट खरवडून पाच नळ्यांत सारखी लावली. पहिलीत जाड तेल, दुसरीत ट्रॅक्टरचं, तिसरीत मिस्त्रींनी सांगितलेलं सिंथेटिक, चौथीत दुकानदाराची बाटली, पाचवीत रॉकेल. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन येतं, तिथे ठेवल्या.

शालू म्हणाली, "तिथं माझी सालं वाळतात."

मी दोन्हींच्या मध्ये वर्तमानपत्र उभं केलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बारा दिवस झाले. चौथ्या आणि पाचव्या नळीत कीट सुटली, पण विरघळली नाही. ढेकळं होऊन तळाला बसली. मिस्त्रींना नळी दाखवली तर ते खूश झाले. "हीच ढेकळं इंजनात सुटली तर खालच्या चेंबरातली जाळी तुंबते. तेल वर चढत न्हाई. मंग इंजन बसलंच समजा." चार आणि पाच बाद.

एक, दोन, तीनमध्ये काहीच फरक नाही. अजून महिनाभर तरी निरीक्षण लागेल. विज्ञानात घाई चालत नाही, हे मी शालूला सांगितलं. ती रोज सकाळी नळ्यांकडे बघते. तिला या विषयात गोडी लागलेली दिसते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज खरं ते लिहून टाकतो. वही कोणी वाचत नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही अर्पिताकडे निघालो होतो. मुलगी आमची, भोकरदनला शिक्षिका आहे. जालन्याच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावर समोरून एक ट्रक दुसऱ्याला ओलांडत सरळ आमच्या अंगावर आला. मी गाडी खाली मातीत घातली. कोणाला काही झालं नाही. पण माझे पाय थरथरत होते, ते थांबेनात. पाऊण तास तिथेच उभे होतो. मग गाडी वळवली आणि घरी आलो. अर्पिताला फोनवर सांगितलं की इंजिन गरम झालं होतं.

इंजिन गरम झालं नव्हतं.

त्यानंतर मी बाजाराच्या पुढे गेलेलो नाही. शालूने त्या दिवशी एक शब्द काढला नाही. तिने माझं म्हणणं खरं मानलं असावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोठी बातमी. तिसरी नळी स्वच्छ झाली. काल संध्याकाळपर्यंत कीट जशीच्या तशी होती, आज सकाळी काच आरपार दिसते आहे. तेलसुद्धा नवं ओतल्यासारखं सोनेरी. तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत काही नाही आणि पंधराव्या दिवशी एकदम, असं मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. नळीला किंचित लिंबाचा वास येतो. त्या तेलातली स्वच्छ करणारी द्रव्यं असावीत.

शालू भांडी घासत होती. तिला नळी दाखवली.

"झालं ना मंग आता?" ती म्हणाली. "तेच टाका."

"एकदा पुन्हा करून बघायला हवं. निष्कर्ष पक्का होण्यासाठी."

तिने घासणी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी उद्याच तेल आणतो म्हणालो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नवं तेल पडलं, नवा फिल्टर लागला. मीटर ८४,११२ वर आहे. मिस्त्रींना तिसऱ्या नळीबद्दल सांगितलं. ते रुमालाने बराच वेळ तोंड पुसत राहिले.

"आता पळवा, सर. वाटूर फाट्याच्या पुढं जाऊन यायचं रोज."

"रविवारी बघतो," मी म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्नसराई आहे. रस्त्यावर वऱ्हाडाच्या गाड्या फार. गेलो नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

मीटरमध्ये दोष आढळला. २७ तारखेपासून मी गाडी एकदाच बाजारात नेली, म्हणजे येऊन-जाऊन चार किलोमीटर. मीटर ८४,४३० दाखवतो. आतलं दातेरी चाक घसरत असावं.

मिस्त्रींना विचारलं. "होतं असं कधी कधी," ते म्हणाले आणि एका मोटारसायकलखाली वाकले. तिचं काम चालू नव्हतं.

१० डिसेंबर, बुधवार

दोष वाढत चालले. पेट्रोलचा काटा काल पावावर होता, आज पाऊण दाखवतो. टाकीतलं पेट्रोल कमी होऊ शकतं, वाढू शकत नाही. म्हणजे काटाही गेला. शिवाय चालकाचं आसन आपोआप पुढे सरकतं. बसलो तर गुडघे स्टेअरिंगला लागले. आतला आरसाही खाली झुकलेला असतो. जुन्या गाडीत सगळे खटके सैल होतात. रोज नऊ ते बारा मी वाचनालयात असतो, तेवढा वेळ गाडी उन्हात उभी असते. प्लास्टिक प्रसरण पावत असेल.

मात्र टकटक कमी झाली आहे, ही जमेची बाजू. तेल उभ्या गाडीतसुद्धा काम करतं, असं दिसतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

शालू जालन्याला जाऊन आली. परीक्षा होती म्हणाली. येताना पेढे आणले. पास झाली. हल्ली भरतकामालाही जिल्ह्याच्या गावी परीक्षा देतात हे नवीन कळलं. मी अभिनंदन केलं आणि एखादा रुमाल भरून दाखव म्हटलं. ती हसली, बराच वेळ हसली, आणि मला आणखी एक पेढा दिला.

२२ डिसेंबर, सोमवार

इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून बघितली. पंचवीस दिवसांत तेल काळंकुट्ट. याचा अर्थ ते कीट ओढून घेत आहे. असं तेल निवडल्याचा मला अभिमान वाटतो, आणि वहीत तरी तो लपवायचं कारण नाही.

मीटर ८५,१३८. मिस्त्रींना म्हटलं, "मीटरप्रमाणे हजार झाले. प्रत्यक्षात बारा."

"मंग मीटरप्रमाणेच बदलू, सर," ते म्हणाले. काळं तेल खाली आलं, नवं घातलं, फिल्टर बदलला. झाकणाचा थर निम्म्याने पातळ झाला होता. मी तिथे असलेल्या तीन जणांना प्रयोगाची हकीकत सांगितली. कहकशा गॅरेजात होती. ती मध्येच उठून बाहेर गेली. तिला खोकला झाला असावा.

४ जानेवारी, रविवार

प्रदर्शनाला पाच दिवस राहिले. आज शालूला सांगितलं की गाडी न्यायला नको, दुसऱ्या तेलाचे हजार किलोमीटर अजून व्हायचे आहेत, अशा अवस्थेत मोठ्या रस्त्यावर नेणं इंजिनाच्या दृष्टीने बरोबर नाही. टेम्पो ठरवून देतो.

"इंजनाच्या दृष्टीनं," ती म्हणाली.

"हो."

"बरं."

टेम्पो ठरवला. त्यानंतर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने गेले दोन महिने सालं वाळवली, बरण्या उकळल्या, झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आणि मी तिला साठ किलोमीटर नेऊ शकत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सातला टेम्पो यायचा होता. आठपर्यंत आला नाही. फोन केला तर तो कापूस भरायला आष्टीकडे गेलेला. म्हणाला, सर, तुमचं उद्याचं होतं ना.

अंगणात दीडशे बरण्या, खोक्यात भुसा घालून लावलेल्या. गटातल्या उषाबाई नवं लुगडं नेसून खोक्यावर बसलेल्या. दहाला टेबल मांडायचं, नाहीतर ते दुसऱ्याला देणार. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी दुसऱ्या टेम्पोवाल्याचा नंबर शोधत होतो. नंबर फोनमध्ये होता आणि मला तो दिसत नव्हता.

शालू घरात गेली. खुंटीवरची किल्ली घेऊन आली. मागचं आसन अर्धं पाडलं, मावतील तेवढी खोकी नीट रचली, एक उषाबाईंच्या मांडीवर दिलं. मग चालकाच्या जागेवर बसली, पदर खोचला, आसन पुढे ओढलं, आरसा खाली केला आणि काच उतरवून मला म्हणाली,

"येता का?"

मी डाव्या बाजूने जाऊन बसलो. माझ्या गाडीत त्या बाजूला मी कधी बसलेलो नव्हतो. पट्टा कुठून ओढायचा हेही कळेना.

गावाबाहेर पडेपर्यंत मी पट्ट्याशीच झटत होतो. पुढे तिने एका उसाच्या ट्रॉलीला आधी हॉर्न दिला, समोर बघितलं, आणि ओलांडलं. गियर टाकताना आवाजसुद्धा झाला नाही.

"कधी शिकलीस?"

"दसऱ्यापासून. तुम्हाला सांगितलं तं होतं, कहकशाकडं शिकायला जाते म्हणून."

"मला वाटलं भरतकाम."

"तुम्ही विचारलंच न्हाई काय ते."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "म्हणजे मीटर."

"बराबर आहे मीटर."

"आणि पेट्रोल?"

"मी भरत होते. तुम्ही वाचनालयात गेल्यावर मी न कहकशा रोज वाटूर फाट्याच्या पुढं जाऊन येत होतो. बदरूभाई म्हणले होते, पळवल्याबगर कीट निघणार न्हाई."

मागून उषाबाई म्हणाल्या, "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, सर. आम्ही बी एक-दोन चक्कर मारल्या."

पूर्ण प्रवासात एक बरणी फुटली नाही. जालन्यात आम्ही साडेनऊला पोचलो. टेबल मांडून झाल्यावर मी मंडपाच्या मागे एका खुर्चीवर जाऊन बसलो. एक बाई लोणचं आंबट आहे की गोड विचारायला आल्या, त्यांना मी "मला काही विचारू नका" म्हणालो. नंतर वाईट वाटलं. त्यांचा काही दोष नव्हता.

परत येतानाही तिनेच चालवली. मी झोपल्यासारखं केलं.

१० जानेवारी, शनिवार

आज गेलो नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. शालू, उषाबाई आणि उरलेली खोकी गाडीतून निघून गेली. मी फाटकापाशी उभा होतो. गाडी वळणापलीकडे गेल्यावरही बराच वेळ उभा होतो.

मग मिस्त्रींकडे गेलो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी हात पुसले, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. "सर, तुम्हाला सांगायचं होतं. भाभींनी न्हाई म्हणून सांगितलं. म्हणाल्या, त्यांना आपसूक कळू द्या."

"मी तीन माणसांना प्रयोग सांगितला. तुमच्या समोर."

"तेल तुमचं बिलकुल बराबर होतं. मी तेच म्हणलो होतो पहिल्या दिवशी. पण तेल गरम व्हावं लागतं, सर. अर्धं काम तेलानं केलं, अर्धं भाभींनी."

चहा झाला तरी मी उठलो नाही. मग भोकरदनला जातानाचा ट्रक, मातीत उतरवलेली गाडी, पायांची थरथर, सगळं त्यांना सांगितलं. कोणाला तोंडाने सांगायची ही पहिली वेळ. मला वाटलं ते हसतील.

ते म्हणाले, "माझ्या हातून बावीस साली एक गाडी पलटली. ट्रायल घेताना. त्यानंतर चार महिने मी लोकांच्या गाड्या दुसऱ्याकडून फिरवून घेतल्या. गिऱ्हाईकाला सांगायचो, कंबर दुखून राह्यली."

"मग?"

"मंग काय. कहकशा बाजूला बसायची. रोज थोडं थोडं."

येताना मला वाटलं की मी शालूवर रागावलो आहे ते गाडीसाठी नाही. तिने शिकून घेतलं याचाही राग नाही. तिला सगळं कळत होतं आणि मी तिच्यासमोर रोज तेलाच्या ग्रेडवर बोलत होतो, त्याची लाज आहे. ती राग म्हणून बाहेर येते.

११ जानेवारी, रविवार

आज गेलो. डाव्या बाजूला, स्वतःहून. पट्टा लावला.

लोणचं दुपारी दोनलाच संपलं. मी टेबलाशी उभा राहून बरण्या कागदात गुंडाळून दिल्या. एका गिऱ्हाइकाला साल आणि मिठाचं प्रमाण समजावताना थोडा लांबलो, तर शालूने बरणी माझ्या हातातून घेऊन त्याला दिली आणि म्हणाली, "पुढचं खाऊन बघा."

तीनला निघालो. मागे रिकामी खोकी आणि त्यांना टेकून झोपलेल्या उषाबाई. ऊन चांगलं होतं. रामनगर गेलं तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी अर्पिताकडे जाताना इंजिन गरम झालं नव्हतं."

"माहीत आहे."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही इतके घाबरले होते. मला बी भ्या वाटलं होतं." तिने एक ट्रक पुढे जाऊ दिला. "मंग मी म्हणलं, ह्यांना एकट्यालाच चालवावं लागतं म्हणून जास्त भ्या वाटतं. दोघांना आलं तर अर्धं अर्धं होईल. म्हणून शिकले."

बाहेर हरभऱ्याचं रान जात होतं, त्याच्याकडे बघत राहिलो.

वाटूर फाट्यावरून परतूरच्या रस्त्याला वळल्यावर तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, उतरली आणि पुढून फिरून माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. नुसती उभी. मी उतरलो नसतो तर ती तिथेच उभी राहिली असती, उषाबाई जाग्या होईपर्यंत, किंवा अंधार पडेपर्यंत. मी उतरलो.

आसन मागे घेतलं. आरसा वर केला. हाताला घाम होता, तो पँटला पुसला. गाडी रस्त्यावर घेतली. शालू सांगत होती, "मागून एक येतोय, जाऊ द्या त्याला. आता मोकळं आहे. मोकळंच आहे, अहो, चला." एक ट्रक समोरून आला. पाय थरथरला. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ट्रक जाईपर्यंत काढला नाही. मग दुसरा आला. तिसरा आला तेव्हा हात ठेवायला ती विसरली, आणि मीही विसरलो.

बऱ्याच वेळाने उषाबाई जाग्या झाल्या. खिडकीतून बाहेर बघितलं.

"का थांबलो?"

"थांबलो न्हाई," शालू म्हणाली. "सर चालवून राह्यलेत."

परतूरपर्यंत मी एकाही गाडीला ओलांडलं नाही. मला एकतीस जणांनी ओलांडलं, त्यात एक ट्रॅक्टर. आकडा शालूने मोजला. मी समोर बघत होतो.